कोटाचं खालचं बटण

बटणाच्या चार भोकांपैकी दोहोंत अजून काळा दोरा अडकलेला होता, आणि त्याची टोकं – शरयूनं अंगठ्यानं ती पुन्हा चाचपली – सरळ होती, अडकित्त्यानं कापलेली. ओढून तुटलेल्या दोऱ्याला सुटतात तशा झिंज्या त्यांना नव्हत्या. शिंगाचं बटण. काळपट तपकिरी, कडेला टवका उडालेलं. शाळेतून आल्यावर तिचे वडील, भाऊ, कोट काढताना सगळ्यात आधी हेच सोडायचे – सारं जग वरून खाली सोडतं आणि हा एक माणूस वाकून खालून वर – आणि मग... मग काही नाही. भाऊ गेल्याचा आज नववा दिवस होता. बटण तिच्या पदराच्या गाठीत होतं, आणि बाहेर ओट्यावर भाऊंच्या त्याच कोटाबद्दल बोलणं चाललं होतं.

"सबूत म्हंजे कसा, असा!" रखमाजी पाटील म्हणत होते. गावची पोलीस-पाटिलकी त्यांच्याकडे. सुतकाचं घर म्हणून ते ओट्याच्या अगदी कडेला टेकले होते, पण आवाज माजघरापर्यंत येत होता. "पुंजारामच्या अंगात मास्तरांचा कोट, कोटात मास्तरांचं घड्याळ. अन् परवाना तर बिलकुल न्हाई. चौकीतले अमीनसाब म्हणले, पाटील, येवढा बराबर चोर मला उभ्या नोकरीत गावला न्हाई."

"पलीकडची माणसं ती," जगन्नाथकाका म्हणाले. "येतात कापूस वेचायला, जातात घर धुऊन."

पलीकडची. गेल्या श्रावणापर्यंत पुंजाराम वऱ्हाडातल्या धाड गावाकडचा होता, एवढंच. दिवाळी झाली की खांद्यावर घोंगडं टाकून यायचा, जिनिंगमध्ये हंगाम काढायचा, गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचा आणि होळीला परत जायचा, आठ वर्षं. मग पलीकडचा इंग्रज गेला, झेंडा बदलला, अलीकडचा, निजामाचा, बदलला नाही, आणि मधला ओढा – भाऊ हसून म्हणायचे, त्यात म्हैस बसली तर तोंड वऱ्हाडात आणि शेपूट निजामात – तो ओढा एकाएकी सरहद्द झाला. दवंडी पिटली गेली की परवान्याशिवाय पलीकडचं माणूस जो घरात ठेवील तोही गुन्हेगार. पुंजाराम नेहमीसारखाच आला. त्याच्या पायांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि भाऊंनी अंथरुणावरूनच, धाप लागत असताना, खोलीची किल्ली उशाखालून काढून त्याच्या हातावर ठेवली होती.

तिला उंबऱ्याच्या आतून काकांचं धोतर दिसत होतं. बारीक पोताचं, लाल काठाचं. ते त्याच ओढ्यातून आलं होतं. काकूंच्या डब्यातली साखरही. त्याच वाटेनं, तसल्याच बिनपरवान्याच्या माणसांच्या डोक्यावरून. धोतराला कुणी विचारत नाही, कुठलं रे तू. साखर चोर ठरत नाही. ती वाहून आणणारं डोकं तेवढं...

पौषातल्या त्या सकाळी ती उंबऱ्यापासून आत सरली.

पुंजाराम भाऊंना उचलून मोरीत न्यायचा. तिच्या धाकट्या भावाची, मुकुंदाची, कचेरीची वेळ व्हायची, काकांना वास सहन व्हायचा नाही, आणि ती आष्टीहून येऊन पोचेपर्यंत महिनाभर सगळं त्यानंच केलं होतं – कुशीवर वळवणं, पाठीला तेल लावणं, आणि भाऊ वाचून दाखवायचे ते ऐकणं. त्याला त्यातलं काय कळत होतं कोण जाणे. एकदा ती दाराशी थांबली होती, भाऊ वाचता वाचता धापेनं थांबले होते, आणि पुंजाराम म्हणाला होता, "मंग? फुडं काय झालं, मास्तर?" – आणि तिच्या लक्षात आलं होतं की हा प्रश्न या घरात कित्येक वर्षांत कुणी भाऊंना विचारला नव्हता. मीसुद्धा. सगळी पुस्तकं मी वाचली, त्यांनीच दिलेली, पण पुढं काय झालं म्हणून त्यांना कधी विचारलं नाही... मला ठाऊक असायचं.

"ताई," मुकुंद आत आला. हातात चौकीतून आलेला जबाबाचा कागद, तिच्या सहीसाठी. तो चौकटीलाच टेकला. "एवढं वाचून दाखवतो. कोट आणि घड्याळ भाऊंचं, एवढंच म्हणायचंय."

"तेवढंच लिहिलंय?"

उर्दूतला मजकूर तो थांबत थांबत मराठीत सांगू लागला. आरोपी परमुलखातला. परवाना नाही. झडतीत चांदीचं घड्याळ. कोटाचं खालचं बटण तुटलेलं, हे ओढाताणीचं चिन्ह...

"तुटलेलं?"

"ताई, हळू."

चौथ्या दिवसाची पहाट. पुंजाराम अंगणात उभा, अंगात एक बंडी. येतो म्हणाला, आता मास्तर न्हाईत, माझ्यामुळं मुकुंदरावांच्या नोकरीला घोर नको. तिनं खुंटीवरचा कोट काढला. उजवा खिसा अजून हात घातल्यासारखा फुगलेला होता, आणि तिनं त्यात हात घातला नाही, त्यात नाही, आतल्या खिशातही नाही – घातला असता तर तिथं भाऊंचा हात नाही हे कळलं असतं. तिनं फक्त खालचं बटण भाऊंच्या अडकित्त्यानं कापून घेतलं. स्वतःसाठी. तो मागे सरला होता. "ताई, म्या कसा घालू? याच्यात मास्तर हायेत." ती म्हणाली, "म्हणूनच घाल. थंडी आहे."

पुंजाराम धरला गेल्याची बातमी आली तेव्हा, काल रात्री जेवणं झाल्यावर, तिनं हे सारं सांगितलं होतं. मुकुंदाचा चेहरा पांढरा पडला, आणि उमावहिनी कोट बाराव्याला गुरुजींना द्यायचा होता म्हणाली. मग काका बोलले, अगदी शांतपणे, "सुतकात दान कसलं? आणि बापाचा कोट द्यायचा अधिकार लेकाचा की लेकीचा? बरं, कोट दिलास. घड्याळ दिलं होतंस का?"

नव्हतं दिलं. घड्याळ कोटात आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तो प्रश्न ती रात्रभर उलटसुलट करत राहिली होती, कारण घड्याळाला वजन असतं, आणि चालताना ते छातीवर आपटलं असणारच, आणि त्याला कळलं असणारच... मग? तिनं स्वतःला विचारून पाहिलं, आणि ज्या बाजूला मन झुकलं ती बाजू काकांची होती, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला. एवढं वाचून, एवढं वाचून शेवटी मीही त्याच ओट्यावर.

"तो काय म्हणतो?" तिनं आतूनच पाटलांना विचारलं.

बाईमाणसानं चौकीतल्या गोष्टी विचारू नयेत, म्हणून बाहेर काका खाकरले.

"काय म्हणतोय, अक्का. कबूल करून न्हाई राह्यला. करंल. करतेत समदे," पाटील म्हणाले. "निस्तं म्हणतो, ताईला इचारा. दुसरं कायबी इचारा, ताईला इचारा. अमीनसाब म्हणले, कोण ही ताई, याची टोळीची सरदारीण हाये का?"

पाटील हसले. काकाही हसले. मुकुंदानं डोळे मिटले.

"कुठं सापडला?"

"कागदात लिव्हलंय की. राजूरच्या अलीकडं, काल, मास्तरांच्या आठव्या रोजी. दिवसाढवळ्या, गाडीवाटंनं, आपल्या बदनापूरकडं तोंड करून! हिंमत पाहा. घर रिकामं झालं न्हाई म्हणून फिरून हात माराया येऊन राह्यला होता."

"तेच तर," काका म्हणाले. "एकदा चटक लागली की..."

शरयूला काकांचं पुढचं ऐकू आलं नाही. चौथा दिवस, पहाट. इथून धाड दोन दिवसांची वाट, म्हणजे सहावा. मग सातवा. आठव्या दिवशी राजूर. ती बोटं मोडत नव्हती, तरी बोटं आपोआप हलत होती. तो घरी पोचला होता. ओढा ओलांडून, आपल्या मुलखात, आपल्या बायकापोरांत, जिथं त्याला कुणी कागद विचारणार नव्हतं, तिथं त्यानं कोट काढला असेल – वरून खाली, सगळ्या जगासारखा – आणि आतल्या खिशात हात घातला असेल. आणि दुसऱ्या सकाळी तो परत निघाला. ज्या मुलखात त्याचं चालणंच गुन्हा होतं तिथं, भर दिवसा, भर रस्त्यानं.

चोर असा येतो? एवढं कुणालाच दिसू नये? कागदावर त्यांनीच लिहिलं होतं, त्यांच्याच हातानं, शाईनं: तोंड बदनापूरकडे. सगळ्यांनी वाचलं, अमीनानं, पाटलांनी, माझ्या भावानं, आणि एकाच्याही मनात आलं नाही की माणूस कधी परत करायलाही येतो. पलीकडचा आला तर चोरायला. गेला तर चोरून. बोलेना तर पक्का. ताईला विचारा म्हणाला तर टोळी. त्याच्यासाठी दुसरी वाटच यांनी ठेवली नव्हती. आणि काल रात्रभर मी तरी कुठं ठेवली होती.

"तो परत करायला येत होता," ती म्हणाली. मुकुंदालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मुकुंदानं तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. कागद वाचतानाच कळलं असावं, कारण त्याला आश्चर्य वाटलं नाही, नुसता थकवा आला. "असेल," तो पुटपुटला. "पण परवान्याशिवाय तो आलाच ना, ताई? ते तर खोटं नाही. तू काही बोललीस तरी त्यातून तो सुटत नाही. आणि मी मात्र अडकतो. त्याला ठेवून घेतलं ते आपण."

खरं होतं. प्रत्येक शब्द खरा होता. तिला मुकुंदावर ओरडता येईना. त्याच्या सदऱ्याची कॉलर झिजली होती, उमावहिनीला दिवस गेले होते, आणि किल्ली देताना भाऊंनी या कशाचा विचार केला नव्हता. की केला होता? उशाखालून किल्ली काढायला त्यांना किती वेळ लागला होता... धाप लागत होती म्हणून, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

"शरयू, पोरी," काका बाहेरून म्हणाले, "कशाला फाटे फोडतेस? उद्या दहावा. पाटील तिष्ठत बसलेत. दोन अक्षरं कर आणि मोकळी हो."

"सावकाश, सावकाश," पाटील म्हणाले. "अक्का शिकलेल्या हायेत, समजून करू द्या. मला काय, तो कुठं पळून चाललाय?"

मुकुंदानं कागद तिच्यासमोर जमिनीवर ठेवला, टाक दौतीत बुडवून तिच्या हातात दिला, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला, फुगला, पडला नाही. गेले पाच दिवस रडू आलं की तिनं पदराची गाठ मुठीत धरली होती आणि आतलं कडक वर्तुळ लागलं की भाऊ तिथं असायचे. आताही तिनं गाठ धरली. वर्तुळ लागलं. कडेचा टवका लागला, दोऱ्याची कापलेली टोकं लागली. भाऊ नव्हते. चौकीत खुंटीला टांगलेला एक कोट होता, खाली बटण नसलेला, आणि भिंतीशी बसलेला एक माणूस, जो सगळ्यांना एकच सांगत होता, आणि ते सगळे तिलाच विचारायला आले होते – आणि एकानंही विचारलं नव्हतं.

थेंब वाळू लागला. तिनं टाक खाली ठेवला नाही, आणि कागदाकडेही नेला नाही. पदराची गाठ तिनं सोडली. बटण तळहातावर घेतलं. हे आता भाऊंचं राहिलेलं नाही, कापलेल्या दोऱ्यासकट पुंजारामची साक्ष झालं आहे, एवढंच तिला स्पष्ट कळलं. आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे कोरडे झाले, इतके कोरडे की आत काहीतरी चुरचुरू लागलं.