भिंतीपलीकडे गेलेला चेंडू

वहिनींनी बावीस वर्षं कचेरीत टायपिंग केलं होतं. त्यांची बोटं चुकत नाहीत, हे साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मान्य करत. दिराने हौसेनं कॉम्प्युटर आणला आणि पंधरा दिवसांत कंटाळून बाजूला सारला, तेव्हा वहिनींनी तो टीव्हीला जोडला. मासिकात चेंडूच्या खेळाचा प्रोग्राम छापून आला होता. एकशेचाळीस ओळी त्यांनी एका बैठकीत उतरवल्या. अर्थ मात्र एकीचाही कळला नव्हता.

चेंडू पडद्यावर टुणटुण उडाला आणि उजव्या कडेतून बेपत्ता झाला.

"बोट घसरलंय तुमचं, वहिनी," दीर हसला.

वहिनींना ते चांगलंच झोंबलं. "माझं बोट? वन्सं, मासिक घेऊन बसा बरं जरा."

नणंदबाई फूटपट्टी धरून ओळ न् ओळ मोठ्यानं वाचत गेल्या. दोनदा ताडून पाहिलं. स्वल्पविरामाचाही फरक नव्हता.

"म्हणजे छापणाऱ्यानंच घोळ घातलाय. सोडा नाद," दीर म्हणाला.

"सोडते कशाला? कुठे घातलाय ते हुडकते."

हुडकायचं तर ओळ कळायला हवी. कचेरीतून आल्या की वहिनी एकेक आकडा बदलून बघू लागल्या. हा बदलला की चेंडू सुसाट सुटतो, तो बदलला की छतालाच चिकटतो. आठवड्याभरात निम्मं पान उमगलं.

चेंडू गेला की त्या लगेच खेळ थांबवत. शनिवारी कुकरची शिट्टी झाली, त्या खेळ चालूच ठेवून आत गेल्या, आणि तेवढ्यात नणंदबाई ओरडल्या, "अहो, आला की परत! त्याच बाजूनं!"

वहिनी धावत आल्या. "मग पलीकडे कुठेतरी तो वळतोय. मोजा, वन्सं."

चेंडू पडदा ओलांडेपर्यंत नणंदबाईंचे एकोणीस आकडे मोजून झाले, बाहेर जाऊन परत येईपर्यंत पन्नास. वहिनींनी कागदावर हिशेब मांडला, भिंत पडद्याच्या दुपटीहून लांब निघाली, आणि त्यांनी उजव्या भिंतीची ओळ शोधून काढली. पडद्यावर रकाने चाळीसच, आणि छापलं होतं अठ्ठ्याऐंशी! छापताना तिनाचा आठ झाला होता; त्यांनी अडतीस केलं. चेंडू भिंतीवर आपटला आणि मुकाट्यानं मागे फिरला.

दीर खुर्ची ओढून शेजारी बसला.

वहिनींनी मासिकाला पत्र धाडलं. दोन महिन्यांनी कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती आली, पत्र कुणाचं ते छापलं नव्हतं. वहिनींना त्याचं काहीच वाटलं नाही. त्या टायपिंगमध्ये गढल्या होत्या. पडद्यावर आता दोन चेंडू एकमेकांना धडकत होते.

नणंदबाईंनी मासिक चाळलं. "हे कुठल्या पानावर आहे हो?"

"कुठल्याच नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पुढची ओळ लिहू लागल्या.