कोंबड्या बुचकळू नका

कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणात बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं: खुडूक मोडा. म्हणजे कोंबडी अंडी घालायचं सोडून उबवायला बसली, की तिला उठवा, अंडी उबवणीच्या पेटीला द्या; पंधरा दिवसांत बया पुन्हा अंडी घालायला लागते. खुडूक मोडायची आमची जुनी रीत सोपी. गार पाण्याच्या बादलीत बुचकळायचं.

बचत गटाकडून कर्ज काढून मी शंभर अंड्यांची विजेवरची पेटी आणली. नऊ जणींनी माझ्या शब्दावर दहा-दहा अंडी दिली. त्यांतच थोरल्या जाऊबाईंचीही, पण दिली ती नाक मुरडून. "लोखंडाला कधी मायेची ऊब असते का गं?"

सातव्या दिवशी, शिकवल्याप्रमाणे, बॅटरीच्या उजेडात अंडी पाहून दहा फोल काढली. उरली ऐंशी. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तार तुटली.

"उद्या दुपारपर्यंत बघू," वायरमन म्हणाला. त्याचं काय जातंय! ही खेप गेली असती, तर पुन्हा कुणी मला एक अंडंही दिलं नसतं.

घरातली पांघरुणं पेटीवर घातली, वर नवऱ्याचा एकुलता एक कोट. तरी काटा सदतिसावरून चौतिसावर आला. आतून बारीक चिवचिव येत होती. बाईंना फोन केला.

"अजून तासभर तग धरतील. मग ऊब हवीच, कुठूनही आणा."

कुठूनही म्हणजे कुठून? चुलीशेजारी नेली तर उकडायची. तेवढ्यात जाऊबाईंच्या अंगणात कोंबडी किंचाळली. मी अनवाणी धावले. त्यांच्या एका हातात कोंबडी, समोर बादली.

"बुचकळू नका, जाऊबाई!"

"अगं, तूच म्हणालीस ना, मोडा म्हणून?"

"आज खुडूकच हवी!"

"काय ते एकदाचं ठरव बाई!" म्हणाल्या, पण बादली लाथेनं उपडी केली.

मग आम्ही दोघी गल्लीभर ओरडत सुटलो. जाऊबाईंचा आवाज खणखणीत, म्हणून त्या पुढे. "कोंबड्या बुचकळू नका गं! खुडूक असेल ती घेऊन या!"

अर्ध्या तासात दारात रांग लागली. प्रत्येकीच्या काखेत एकेक रुसलेली कोंबडी. एक आधीच भिजून चिंब झालेली. तिला माघारी धाडली. उरल्या आठ. टोपल्या, घमेली, माझा धुण्याचा टब, जे हाती आलं त्यात गवत घालून कोंबड्या बसवल्या आणि एकेकीच्या पोटाखाली हळूच दहा-दहा अंडी सारली. जाऊबाईंची तेवढी मला दोनदा चावली. मालकिणीवर गेलेली.

दोन दिवसांनी ऐंशीतून त्र्याहत्तर पिल्लं बाहेर आली.

"माझ्याही पेटीत इतकी निघाली नाहीत कधी," बाई फोनवर म्हणाल्या आणि सगळा प्रकार पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला. त्या लिहून घेत होत्या.

वीज आल्यावर पेटी पुन्हा लावली. दुसऱ्या सकाळी दार उघडते तो अंगणात बायकाच बायका, ओंजळीत अंडी. गटातल्याही आणि गटाबाहेरच्याही. दहा वाजता पेटी भरली, आणि उरलेल्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "जागा नाही हो, पुढच्या खेपेला या."

फार गोड लागतं ते तोंडात. मी तीनदा म्हटलं.