डाव्या पायाची चाल

अनुपमा शिकवायची ती अंगानं. निमोण्याच्या बागायतदाराची ही मुलगी पुण्यात नाटक शिकून आली आणि दौंडच्या एका कॉलेजात एकांकिका बसवू लागली. तिची पद्धत एकच: "बघा, असं." ती पडून दाखवायची, ओझं उचलून दाखवायची, पोरं बघून करायची. तिचं नाव झालं होतं.

त्या वर्षी उसाची ट्रॉली चुकवताना तिची स्कूटी घसरली आणि डावा गुडघा गेला. प्लास्टर निघालं, पण पाय धड वाकेना. आणि एकांकिका होती धरणात गाव बुडालेल्या माणसांची. शेवटी सगळं गाव मुक्यानं चालत निघतं. जे काय सांगायचं ते त्या चालण्यातूनच.

तिनं खुर्चीत बसून सांगितलं, "घर सोडून निघालाय. पाय उचलत नाही. चला."

पोरं चालली. कवायतीला निघाल्यासारखी.

"अरे, पाठीत आणा ते! कंबरेत आणा!"

"कंबरेत म्हंजी कसं, मॅडम?" बिरदेवनं विचारलं. वडगाव रासाईचा हा उंचपुरा पोरगा म्हाताऱ्याचं काम करत होता. "एकदा करून दावा की."

आठवडाभर हेच. अंगाला जे सहज कळायचं ते तोंडानं सांगता येईना. शेवटी ती वैतागून उठली, दात आवळले आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. "बघा, असं."

पोरं तिच्यामागून चालली. सगळीच्या सगळी डाव्या पायानं लंगडत.

"चेष्टा करताय माझी?" ती ओरडली.

म्हाताऱ्याची सून झालेल्या सुषमाचा चेहरा पडला. "न्हाई हो मॅडम. तुम्ही दावलं तसंच केलं."

खरंच तसंच केलं होतं. अनुपमानं ते लंगडणं काढायला जिवाचं रान केलं. पण लंगडणं निघालं की चालच निघून जायची, मागं उरायची कवायत. शिरूरला स्पर्धेचा पडदा वर गेला तरी पोरं लंगडतच होती.

आणि पहिला नंबर आला! परीक्षक माईकवर म्हणाले, "अख्खं गाव एकाच पायानं लंगडतं. दिग्दर्शिकेची ही कल्पना अंगावर येते."

टाळ्या पडल्या. अनुपमाला हातातली बक्षिसाची ढाल भिरकावून द्यावीशी वाटली. परतताना जीपमध्ये पोरं गात होती, आणि ती बाहेर बघत धुमसत होती. इतकी वर्षं यांनी नुसतं आपल्यालाच गिरवलं.

सोमवारी तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि स्वतःची खुर्ची भिंतीकडं फिरवली. "माझ्याकडं बघायचं नाही. ज्यानं त्यानं आपापलं चालायचं."

पाठीमागं पावलं वाजली, अडखळली, थांबली.

"काय झालं आता?"

"मॅडम," सुषमा चाचरत म्हणाली, "आम्ही कसं चालतो ते आम्हालाच म्हाईत न्हाई. चालाय लागलं की तुम्हीच दिसताय."

"मग मी दिसेनाशी होईपर्यंत चाला," अनुपमा तुटकपणे म्हणाली. "जा, मैदानावर जा."

कुरकुरत सगळी खाली गेली. बराच वेळ झाला तरी कुणी परतलं नाही. चालतायत की कॅन्टीनला जाऊन बसलीत, कळायला मार्ग नव्हता. उठून बघावं, तर मधे अख्खा जिना होता.