आमच्यामागं प्रणिता

टमाट्यांचं कॅरेट उचलता उचलता उत्तमरावांच्या छातीत कळ आली आणि बाजारहत्नूरच्या भर बाजारात ते भेंडीच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसले. आदिलाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ओझं उचलायला बंदी घातली आणि घरी पाठवलं. जिवावरचं टळलं. पण त्या दिवसापासून एक विचार त्यांच्या मागं लागला. आपण गेल्यावर प्रणिताचं काय?

प्रणिता त्यांची धाकटी लेक. तिशीला आलेली. जन्मापासूनच तिची समज संथ होती. वांग्यातलं किडकं वांगं ती नुसत्या बोटांनी ओळखायची, बाजारात गिऱ्हाइकाला तेलुगूत हाकाही मारायची. पण एकटीनं रस्ता ओलांडणं तिला जमत नसे, आणि कोणी आवाज चढवला की ती कानांवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करी. राजकुमार, तिचा थोरला भाऊ, तिला सायकलवर डबलसीट घेऊन गावभर फिरायचा. तो तापाच्या निमित्तानं गेला आणि त्याची बायको मंजुषा ऐन पंचविशीत विधवा झाली.

मंजुषा माहेरी गेली नाही. तिनं भाजीचं दुकान हाती घेतलं, सासूच्या गुडघ्यांना तेल लावलं, प्रणिताची वेणी घातली. तिच्यासाठी दुसरं स्थळ शोधलं ते उत्तमरावांनीच. उटनूरचा हर्षदीप, मोटरपंप दुरुस्तीचं दुकान असलेला, बायको वारलेला शांत माणूस. "आमच्यापायी पोरीनं जल्म काढू नये," असं ते बायकोला, गयाबाईला, म्हणाले होते. लग्न येत्या उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं.

आता मंजुषाही जाणार, म्हणून बियाणं आणायला जातो असं सांगून ते एका सकाळी आदिलाबादला वकीलबाईंकडं गेले. नीलिमाताईंनी त्यांना पाणी दिलं.

"वसीयत करायची हाय," उत्तमराव म्हणाले. "शेत सारं पोरीच्या नावानं."

"नुसतं नावावर केलं तर कोणीही गोड बोलून तिचा अंगठा घेईल, काका. त्यापेक्षा ट्रस्ट करा. शेताचं उत्पन्न तिच्यासाठीच वापरायचं, असं बांधून टाकू. दोन भरवशाची माणसं ते पाहतील. शेत कोणाला विकता येणार नाही."

"आन तिले पाहायचं कोनं?"

"ते वेगळं. ती सज्ञान आहे, म्हणून पालक कलेक्टर कचेरीतली समिती नेमते. सध्या तुम्ही दोघं. तुमच्यानंतर कोण, ते आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. घरात कोण आहे?"

"सून हाय," ते म्हणाले, आणि लगेच हात हलवला. "पन तिचं नाव नका घालू. ती नव्या घरी चालली. तिच्या गळ्यात हे कायले बांधू?" मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "हैदराबादेत अशा लेकरांची संस्था हाय म्हनतेत. ते लोक ठेवतेत का?"

नीलिमाताईंनी एका संस्थेचा नंबर दिला. उत्तमरावांनी बसस्टँडवर उभं राहूनच फोन लावला. घरी मात्र कोणाला काही सांगितलं नाही, गयाबाईलासुद्धा.

पुढच्या आठवड्यात ते आंघोळीला गेले असताना फोन वाजला आणि मंजुषानं उचलला. पलीकडून हैदराबादच्या संस्थेतलं कोणीतरी हिंदीत विचारत होतं, मुलीला दाखवायला कधी आणता?

उत्तमराव वांग्याच्या वाफ्यात पोचले तेव्हा ती आधीच तिथं उभी होती.

"मामाजी, प्रणिताले हैदराबादले धाडून राह्यले तुमी?"

उत्तमरावांना खोटं बोलता येईना. "आज नाही वं. आमच्यामागं."

"मले विचारलं काऊन नाही?"

"तुले कसं विचारू? तू नाही म्हनली असती तर तुले जल्मभर टोचलं असतं. हो म्हनली असती तर मले."

 मंजुषा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हे गेले तवा मी मायेरी काऊन नाही गेली? लोकं म्हनले, शेतासाठी राह्यली. मी तिच्यासाठी राह्यली, मामाजी. हे गेले त्या दिवसापासून ती माह्याजवळ झोपते. मी रडली का माह्या तोंडावरून हात फिरवते. तुमाले वाटते मी तिले सांभाळते."

"पन हर्षदीपराव? त्यांच्या घरचे?"

"त्यायले मी पयल्या भेटीतच सांगून टाकलं. ही माही ननंद, कधी ना कधी माह्या घरी येईन. चालत असन तर पुढचं बोला. ते म्हनले, आदी तिले भेटतो."

आणि तो खरंच भेटून गेला होता. एका बाजाराच्या दिवशी हर्षदीप दुकानासमोर तासभर बसला होता आणि प्रणितानं त्याला वांगी निवडायला लावली होती. उत्तमराव त्या वेळी गोळी घेऊन आत पडले होते. जाताना तो मंजुषाला एवढंच म्हणाला होता, "माझी निवड तिला पसंत नाही. पुन्हा यावं लागेल."

उत्तमराव बांधावर बसले. हसू आलं की रडू, त्यांना कळेना. "पोरी," ते म्हणाले, "मी तुले परकी समजलो. चुकलो."

घरी येऊन त्यांनी गयाबाईला सारं सांगितलं. आपल्याला न विचारता लेकीला लांब धाडायला निघाल्याबद्दल ती दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. संध्याकाळी भाकर मात्र गरम वाढली.

मंजुषाला घेऊन ते पुन्हा आदिलाबादला गेले. नीलिमाताईंनी तिला आधी स्पष्ट सांगितलं, "पालक होणं म्हणजे बेडी नाही. कधी झेपलं नाही तर समितीला सांगून मोकळं होता येतं. तेव्हा दुसरी सोय करता येते." उत्तमरावांना सर्वांत जास्त धीर त्या एका गोष्टीनं आला. मंजुषानं ती ऐकली, मान डोलावली आणि होकार दिला. ट्रस्टवर हर्षदीपनं आपलं नाव घालू दिलं नाही. तिला सांभाळणाऱ्या घराच्याच हाती तिचं शेतही नको, असं त्याचं म्हणणं. शेत पाहायला गयाबाईचा भाऊ नागोराव आणि स्वतः नीलिमाताई उभ्या राहिल्या.

समितीपुढं प्रणिताला नेलं तेव्हा उत्तमरावांना धास्ती होती की ती भिंतीकडं तोंड करून बसेल. अधिकारी बाईंनी तिला तेलुगूत, अगदी हळू आवाजात विचारलं, "आई-बाबा नसले तर तू कोणाजवळ राहशील?"

प्रणितानं मंजुषाकडं बोट दाखवलं. मग मराठीत, समजावून सांगावं तशी म्हणाली, "आभाळ कडाडलं का वहिनी इजेले भेते. मी पायजे ना तिच्याजवळ."

नीलिमाताईंनी ते तेलुगूत सांगितलं. अधिकारी बाई हसल्या नाहीत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

लग्न घरासमोरच्या मांडवात झालं. कन्यादानाला मंजुषाच्या वडिलांनी उत्तमरावांनाही शेजारी बसवलं. तिच्या हाताखाली हात धरताना त्यांना राजकुमारची आठवण फार आली.

प्रणिताला सवय व्हावी म्हणून मंजुषानं तिला थोड्या थोड्या दिवसांसाठी उटनूरला न्यायचं, असं ठरलं. पहिल्या खेपेला हर्षदीप आणि मंजुषा दोघं घ्यायला आले. उत्तमराव बसपर्यंत गेले. लेक रडेल, बिलगेल, तेव्हा तिला काय सांगायचं, ते त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. प्रणिता खिडकीजवळची जागा पकडून बसली, वहिनीला शेजारी ओढलं आणि समोर पाहत राहिली. बस हलली तरी तिनं बापाकडं वळून पाहिलं नाही.

उत्तमराव घरी आले आणि ओट्यावर बसले. गयाबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"गेली का नीट?"

"गेली. पलटून पायलं बी नाही वं तिनं."

"मंग? हेच तर पायजे होतं आपल्याले."

"हो," ते म्हणाले. "हेच पायजे होतं." आणि गयाबाईनं पुढं केलेल्या चहाचा कप घेऊन ते तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं तीही, गुडघा धरत, त्यांच्या शेजारी येऊन बसली.