बावीस वायरी आणि एक छत्री

झोप तपासायची तर माणसाला आधी झोपू द्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट. ती जमायला त्या दिवशी मध्यरात्र उलटली.

पेशंट बसड्रायव्हर होता. सिग्नलला उभ्या गाडीत त्याचा डोळा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, एवढंच घडलं होतं. पण डेपोच्या डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंगवरून उठवून चौकशीच्या खिडकीत बसवलं. सोमवारपर्यंत झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट दिला नाही, तर सतरा वर्षांचा रूट दुसऱ्याला जाणार होता.

रात्री साडेआठला नवराबायको तपासणीच्या लॅबमध्ये आले. दुपारनंतर चहा नको, डोक्याला तेल नको, हे लॅबच्या तंत्रज्ञबाईंनी फोनवर दोनदा सांगितलं होतं. ड्रायव्हर चपचपीत तेल लावून आला होता.

"परक्या ठिकाणी झोपायला जायचं, तर जरा नीटनेटकं नको?"

बाईंनी स्पिरिटने तेल पुसलं. डोक्यावर, कपाळाला, हनुवटीला, पायांना पेस्टने वायरी चिकटवल्या, बावीस. छातीला पट्टा, पोटाला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा.

"झोपा आता."

"असा? माणूस आहे मी ताई, मीटरबोर्ड नाही."

"कूस बदला, पाय हलवा, चालेल. बाथरूमला जायचं तर हाक मारा. पलीकडे मला सगळं ऐकू येतं."

"आमचं भांडणसुद्धा?" बायकोने विचारलं.

"तेसुद्धा."

बायकोची सोय पलंगापासून चार फुटांवरच्या सोफ्यावर होती. कॅमेऱ्यात फक्त पलंग दिसत होता.

साडेअकराला घोरणं सुरू झालं. पलीकडच्या खोलीत पडद्यावर श्वासाची रेघ सपाट झाली. श्वास निदान दहा सेकंद थांबला तरच मोजायचा, हा नियम. आठव्या सेकंदाला रेघ उसळली. पुन्हा सपाट, सातव्याला उसळली. तासभर हेच. बाईंनी वायरी तपासल्या, मशीन तपासलं, शेवटी टॉर्च घेऊन आत गेल्या.

बायको सोफ्यावर डोळे मिटून पडली होती. तिच्या हातातल्या छत्रीचं टोक पांघरुणाखालून नवऱ्याच्या बरगडीला टेकलेलं होतं.

"वहिनी! काय चाललंय हे?"

"ढोसते. श्वास थांबतो ना यांचा."

"तोच तर मोजायचाय मला!"

"मोजा की. मी कुठे अडवलंय?"

"तुम्ही दर वेळी उठवताय त्यांना!"

"मग मरू देऊ?"

ड्रायव्हर वायरींसकट उठून बसला. "म्हणजे ही ढोसते? बारा वर्षं बरगडी दुखते म्हणून मी गाडीच्या सीटला शिव्या घालतोय!"

"घरी कोपराने ढोसते. इथे हात पोचेना."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "आणखी दोन तासांची तरी नीट झोप हवी. नाहीतर पुन्हा यायचं, आणि पुढची तारीख दीड महिन्याने आहे."

"सोमवार आहे ना आमचा!" ड्रायव्हर बायकोवर खेकसला. "बाहेर जा तू."

"बाहेर नाही जाणार. पडद्यासमोर बसते."

बाईंनी छत्री काढून घेतली आणि बायकोला पलीकडच्या खोलीत आपल्या शेजारी बसवलं.

एक वाजता रेघ सपाट झाली. बायकोने मोजायला सुरुवात केली. दहा झाले. वीस. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिसाला ती अर्धी उठली. बाईंनी दंड धरून खाली बसवलं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला पलीकडून घोरल्याचा मोठा आवाज आला आणि रेघ उसळली.

"बघा, आपण होऊन आला," बाई म्हणाल्या.

"एक्केचाळीस," बायको म्हणाली. "मी इतकं कधी जाऊच दिलं नव्हतं."

चार वाजेपर्यंत ती मोजत राहिली.

सहाला बाईंनी वायरी उपटल्या. "झोप लागलीच नाही," ड्रायव्हर म्हणाला. बाईंनी वायरींची जुडी बांधली.

"नोंद मिळाली. डॉक्टर बघतील आणि रिपोर्ट सोमवारी सकाळी मिळेल. पण बहुतेक श्वास थांबू न देणारं मास्कचं मशीन लावून झोपावं लागेल. ते नीट वापरलंत, तर गाडी पुन्हा द्यायची का ते डेपो ठरवेल."

"म्हणजे रूट लगेच नाही?"

"तो माझ्या हातात नाही."

"मास्क निघाला तर मशीन वाजतं का?" बायकोने विचारलं.

"वाजतं."

"जोरात?"

"जोरात."

ड्रायव्हर केसांतली पेस्ट धुऊन, कुरकुरत बाहेर आला, तेव्हा ती त्याच्या रिकाम्या पलंगावर गाढ झोपली होती. सफाईवाला चादरी घेऊन दारात ताटकळला होता.

"ताई, हिला उठवा ना. डेपोत आठची ड्युटी आहे माझी."

बाईंनी त्याच्या हातात छत्री ठेवली आणि त्या पेस्टची भांडी धुवायला निघून गेल्या.