थांबलेला पंखा

माझी एक चूक आमच्या घरात अजरामर झाली आहे. तीन वर्षांपूर्वी ताईने पहिल्यांदा विमानाच्या कसरती केल्या, तेव्हा मी सगळे फोटो जेट विमानांसाठी लावलेल्या शटरवरच काढले. सेकंदाचा दोन हजारावा भाग. इतक्या वेगात नाकावरचा फिरता पंखाही गोठतो. चाळीसच्या चाळीस फोटोंत ताईचं विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसत होतं. पंख्याच्या विमानाला संथ शटर लागतं, सव्वाशेवर, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग, मग पात्यांची धूसर चकती उमटते. हे मी आता झोपेतही सांगेन, पण भावोजी तेव्हापासून मला 'दोनहजारी' म्हणतात.

आज सकाळची फेरी संपवून ताई उतरली. मैदानाकडेच्या तंबूत मी भावोजींना फोटो दाखवत होतो. ते ताईचे नवरे आणि तिच्या विमानाचे मेकॅनिकही. एका फोटोपाशी ते थांबले. विमान नाक वर करून सरळ आभाळात चढलेलं, आणि पंख्याची दोन्ही पाती स्पष्ट. टोकाचा पिवळा पट्टासुद्धा मोजून घ्यावा.

"हा काय प्रकार?"

ताई पाणी पीत होती. "दोनहजारी, परत?" ती म्हणाली.

भावोजी हसले. मीही हसलो. काय करणार, नाव पडलं ते पडलं.

पण मग मी कॅमेऱ्याच्या पेटीवर बसून आकडा बघितला. सव्वाशे! त्याच्या मागच्या फोटोतही सव्वाशे, पुढच्यातही, आणि त्या दोन्हींत पंख्याची छान चकती. मी मध्येच चाक फिरवलं असतं, तर या फोटोवर दुसरा आकडा दिसला असता. मी वेंधळा आहे, पण आकडा कॅमेरा लिहितो, मी नाही. कानात बोळे होते, त्यामुळे इंजिनाचं काही कळलेलं नव्हतं. माझं डोकं चालेना. जन्मभर ताईचंच खरं ठरत आलंय, आता कॅमेऱ्याचं कसं मानायचं?

ताई तंबूमागे नळावर हात धूत होती.

"ताई, शटर बरोबर होतं."

तिने नळ बंद केला. "इंजिन थांबलं क्षणभर. लगेच सुरू झालं. विषय संपला."

"भावोजींना सांग ना."

"सांगितलं तर चारची फेरी गेली. आजच पुढच्या वर्षासाठी निवड करणारे आलेत. या वयात मला परत कोण बोलावणार? तू फक्त म्हण, चूक माझी. तुला काय, सवय आहे."

ते मात्र लागलं मला. पण राग नक्की कशाचा आला तेही कळेना. सांगावं तर तिचं उडणं संपणार, न सांगावं तर कदाचित तीच. इकडे आड, तिकडे विहीर. साडेतीन वाजले तरी मी पेटीभोवती घिरट्या घालत होतो. शेवटी भावोजींसमोर जाऊन तिन्ही फोटो एकापाठोपाठ एक धरले.

"या वेळी चूक माझी नाही."

त्यांनी तिन्ही फोटो दोनदा पाहिले. मग विमानाची किल्ली काढून खिशात टाकली.

चारला फेरी रद्द झाल्याचं कर्ण्यावरून सांगितलं. भावोजींनी इंजिन उघडलं, सहापर्यंत नटन्‌नट तपासला. काहीही सापडलं नाही. मग मी बरोबर केलं की चूक? मला अजून ठरवता येत नाही.

ताई येऊन पेटीवर माझ्या शेजारी बसली. आता झापणार, म्हणून मी मान खाली घातली.

"तो फोटो दाखव," ती म्हणाली.

तिने कॅमेरा घेऊन बराच वेळ पाहिलं. "पंखा थांबला ना, तेव्हा आधी तूच आठवलास. म्हटलं, पंखा खरा थांबलेला नसू दे, आज तरी ह्याने शटर चुकवलेलं असू दे."

"आणि आता?"

"आता काय. खूप घाबरले होते रे," ती म्हणाली, आणि कॅमेरा परत द्यायचं विसरून तशीच धरून बसली.