कर्जाची बोळवण

मंदाकिनी चौगुलेने शेवटचा हप्ता भरला आणि रीतीप्रमाणे कर्जाला कोल्हापूरच्या एसटीत बसवून दिलं. पिठाच्या गिरणीच्या मोटारीसाठी काढलेलं ते कर्ज नवरा गेल्यापासून तिच्याच घरात राहत होतं. अंगाने किरकोळ, गळ्यात मफलर, तोंडाने मुकं. सोप्यातल्या बाकावर बसायचं, पुढ्यात येईल ते खायचं, आणि घरात कुणी हसलं की मान वर करून बघायचं. त्यामुळे मंदाकिनी आणि तिची मुलगी रेवती हसायच्यासुद्धा बेताने. पाहुणा गोड असला तरी चार दिवस, आणि हे तर गोडही नव्हतं.

स्टँडवर तिच्यासोबत तिचा धाकटा भाऊ जयसिंग आला होता. कर्जाला जामीन तोच, म्हणून निरोपालाही तोच. पतसंस्थेतला माणूस म्हणाला होता, "बाई, गाडीत बसवलं की कंडक्टरची सही घ्या. उद्या कुणी विचारलं तर हाताशी असू दे." मंदाकिनी नुसती हसली होती. पाठचा भाऊ शेजारी उभा असताना साक्षीला कंडक्टर घ्यायचा? लोक काय म्हणतील! गिऱ्हाइकाचं पीठ ती चिमटीचिमटीने तोलून देई, पण भावाच्या बाबतीत तिचा काटा कायम एका बाजूला कललेला असायचा.

गाडी सुटायच्या वेळी जयसिंगने पिशवीतून झाकणाची वाटी काढली आणि खिडकीतून कर्जाच्या तळहातावर चमचाभर दही घातलं.

"अरे, त्याला कशाला दही?" मंदाकिनी म्हणाली.

"असू दे की आक्का. इतकी वर्सं घरात हुतं. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?" मग तो खिडकीकडे वळून म्हणाला, "ये हं."

आता दही कशासाठी देतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याने परत यावं असं वाटतं, त्याच्या हातावर दही. 'जा' असं तर आपण वैऱ्यालाही म्हणत नाही. कर्जाने तळहात चाटून साफ केला आणि गाडी हलली. भाऊ मनाने मोठा आहे, असं मंदाकिनीला वाटलं आणि तिने त्याला स्टँडवरच उसाचा रस पाजला.

दिवाळीच्या तोंडावर कर्ज परत आलं. वसुलीवाल्यांचा सावर्डेकर नावाचा माणूस त्याच्या दंडाला धरून उभा होता. कर्ज चांगलं वाढलं होतं. दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं. गळ्यात मफलर नव्हता आणि नखांत सिमेंट होतं.

"हे तुमचं," सावर्डेकर म्हणाला. "ताब्यात घ्या."

"अहो, मी फेडलंय ते! ह्याच हातानं गाडीत बसवून दिलंय."

"फेडलं असतं तर आलं असतं का?"

मंदाकिनीने कर्जाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पतसंस्थेनं थकलेली सगळी कर्जं आमच्या स्वाधीन केलीत," सावर्डेकरने शांतपणे सांगितलं. "ह्याला विचारलं, घर कुठलं? त्यानं तुमच्या घराकडं बोट केलं. कर्ज खोटं बोलत नाही बाई. माणसं बोलतात."

कर्ज जाऊन बाकावर बसलं. बाक मोडला, तेव्हा ते जमिनीवर बसलं.

एरवी मंदाकिनीने तेही निभावून नेलं असतं. पण रेवतीला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती आणि तिच्या फीसाठी बँक कर्ज देणार होती. बँकेचा माणूस त्या नव्या कर्जाला घेऊन दारापर्यंत आलाही. छोटंसं, स्वच्छ भांग पाडलेलं, हातात रुमाल धरलेलं कर्ज होतं ते. त्याने सोप्यातलं धूड बघितलं आणि ते बँकेच्या माणसामागे लपलं.

"एक थकलेलं घरात असताना दुसरं नांदत नाही," बँकेचा माणूस म्हणाला. "भाऊबीज होईपर्यंत बघा. मग कॉलेजातली जागा दुसऱ्याला जाणार." तो चपलासुद्धा न काढता माघारी फिरला. रेवती आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

तेव्हापासून मंदाकिनीने ध्यासच घेतला. उठता बसता ती एकच म्हणायची, फेडलंय. आणि ती तसं म्हणाली की कर्ज बोटभर वाढायचं. त्याला जागा व्हावी म्हणून घराच्या भिंती मागे सरकायला हव्या होत्या, पण त्या पुढे सरकल्या. सोपा बोळाएवढा झाला. स्वयंपाकघरात दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहू लागल्या. कर्जाला कपडे पुरेनात, तेव्हा त्याने दोरीवरची मंदाकिनीची साडी नेसली. मग ते गिरणीत जाऊन उभं राहिलं. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका त्याला म्हणाल्या, "काय हो चौगुलेकाकू, तब्येत सुधारली तुमची!" कर्जाने मान डोलावली. पीठ ते बरं दळत होतं, हे मंदाकिनीलाही कबूल करावं लागलं.

ती वसुलीवाल्यांच्या कचेरीत गेली. बाजारात औषधाच्या दुकानावर ती कचेरी होती. भिंतीला एक खिडकी होती आणि खिडकीमागे आवाज होता.

"तक्रार काय?"

"फेडलेलं कर्ज थकलंय म्हणून सांगताय सगळ्या गावाला."

खिडकी हातभर खाली सरकली. मंदाकिनी वाकली.

"निरोप दिला होता?"

"दिला होता."

खिडकी आणखी खाली गेली. मंदाकिनी गुडघ्यांवर बसली.

"साक्षीदार?"

"माझा सख्खा भाऊ," ती म्हणाली आणि तिला धीर आला. "जयसिंग. त्याला बोलवा, तोच सांगेल."

खिडकी जमिनीला टेकली. मंदाकिनी पालथी झाली आणि फरशीला गाल लावून तिने आत बघितलं. आत टेबलाचे पाय होते, खुर्चीचे पाय होते, आणि खुर्चीपुढे माणसाचे दोन पाय होते. पायांत कापशी चप्पल होती. गेल्या पाडव्याला तिनेच ती भावाला घेऊन दिली होती. वरून बशीतला चहा फुर्रकन ओढल्याचा आवाज आला.

"जयसिंगराव," आवाज म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही स्टँडवर होता?"

"न्हाई," जयसिंग म्हणाला. "त्या दिवशी मी गावातच नव्हतो."

मंदाकिनी फरशीवर तशीच पडून राहिली. तिला राग आला नाही. आधी फक्त लाज वाटली, जणू खोटं तीच बोलली होती. लहानपणी त्याने आंबे चोरले की मार तीच खायची, तशी ती जुनी, सवयीची लाज होती. राग जिना उतरताना आला, आणि तो इतका आला की कठड्याला धरावं लागलं.

ती तडक त्याच्या घरी गेली. जयसिंगच्या घरावर नवा मजला चढला होता. मजल्याच्या गिलाव्यात ठिकठिकाणी मोठे पंजे उमटले होते. ते पंजे तिने ओळखले. इतकी वर्षं तिने त्याच हातांपुढे ताट ठेवलं होतं.

जयसिंग घरी पोचला होता. तो नव्या गॅलरीत उभा होता. त्याने लपवाछपवी केली नाही.

"रस पिऊन फटफटीवरनं गाडी गाठली, पुढच्या थांब्यावर उतरवून घेतलं त्याला," तो म्हणाला. "आक्का, तुझ्याकडं नुसतं बसून खायचं. माझ्याकडं राबलं. घमेली वाहिली, विटा वाहिल्या. बघ की, काय झोकात काम झालंय!"

"मग ते तुझं आहे. ठेवून घे."

"पत्ता तुझा हाय त्याच्यावर."

"मला विचारायचं तरी होतंस रे."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस," जयसिंग म्हणाला. हे बोलताना त्याचा चेहरा अगदी लहानपणासारखा निरागस होता, आणि त्याचंच मंदाकिनीला सगळ्यात वाईट वाटलं. परक्याने लुटलं असतं तर तिने चार शिव्या देऊन हात झटकले असते. ह्याने तर केसाने गळा कापला होता, आणि कापणाऱ्याला तिने कडेवर घेऊन वाढवलेलं होतं.

"भाऊबीजेला येतीस न्हवं?" त्याने वरून विचारलं.

भाऊबीजेच्या दिवशी ती घरातून निघालीच नाही. जयसिंगच तिच्या घरी आला. सोबत सावर्डेकर होता. सोप्याच्या बोळात पाट मांडलेला होता आणि मंदाकिनीची साडी नेसलेलं कर्ज हातात तबक घेऊन उभं होतं. जयसिंग पाटावर बसला. कर्जाने त्याला ओवाळलं. त्याने तबकात ओवाळणी घातली आणि वाकून कर्जाच्या पाया पडला.

"जयसिंग!" मंदाकिनी भिंतीजवळून ओरडली. "मी इथं आहे. आणि मी फेडलंय!"

कर्ज बोटभर वाढलं नाही. ह्या वेळी मंदाकिनीच बोटभर लहान झाली.

"बघा," सावर्डेकर जयसिंगला म्हणाला. "ह्या घरात दोन मंदाकिनी आहेत. त्यातलं एक कर्ज. फेडलेलं माणूस गप असतंय. जे सारखं फेडलंय फेडलंय करतंय, ते कर्ज. ते मुख्य कचेरीत पाठवायचं." त्याने मंदाकिनीच्या दंडाला धरलं. त्याचा हात सभ्य होता.

मंदाकिनीने रेवतीकडे बघितलं. रेवतीच्या मागे, दाराबाहेर, बँकेचा माणूस उभा होता. त्याच्या हाताला धरून ते छोटं स्वच्छ कर्ज आत डोकावत होतं. आज भाऊबीज होती. एकाने बाहेर पडल्याशिवाय ते आत येणार नव्हतं.

"चला," मंदाकिनी म्हणाली. "कचेरीत सगळं सांगते आणि येते परत."

ती उंबरा ओलांडत होती तेव्हा तिच्या मागे भिंती आपापल्या जागी सरकल्या. सोप्यात ऊन आलं.

"आई, थांब," रेवती म्हणाली. ती आत पळाली आणि दह्याची वाटी घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण वाटीवर झाकण लावायला ती विसरली नव्हती.

स्टँडवर गर्दी होती. सावर्डेकरने मंदाकिनीला खिडकीजवळ बसवलं. कंडक्टरने विचारलं, "हे कुणाचं?" सावर्डेकरने काहीतरी सांगितलं आणि कंडक्टर मान हलवून पुढे गेला.

खाली रेवती माणसांमधून वाट काढत होती. तिच्या खांद्यावर साडीतल्या कर्जाचा हात होता आणि तो तिला पुढे जाऊ देत नव्हता.

"माझ्याकडं दे बाळ," जयसिंग म्हणाला. "मी देतो आक्काला."

"मामा, नक्की द्या."

"म्हणजे काय? सख्खी बहीण हाय माझी."

वाटी घेऊन तो खिडकीखाली आला. मंदाकिनीने हात बाहेर काढला आणि तळहात पसरला. इतकं सगळं होऊनही तिने तो पसरला, कारण समोर तिचा भाऊ होता.

जयसिंगने त्या तळहाताकडे बघितलं. मग त्याने वाटीचं झाकण नीट घट्ट केलं, दही सांडू नये म्हणून.

"जा," तो म्हणाला.

गाडी हलली. पेट्रोल पंप गेला, गिरणी गेली, गिरणीच्या दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका गेल्या, तरी मंदाकिनीचा हात खिडकीबाहेर तसाच होता, तळवा वर करून.